न ढवळता शिजलेला रस्सा

रिकाम्या ट्रकचं वजन एकदा ठरलं की ठरलं. माणसाचं वाढतं, बाईचंही वाढतं पण ती सांगत नाही. रिकामा ट्रक मात्र बिचारा जन्मभर आहे तेवढाच राहतो. म्हणून त्या दुपारी कागदाच्या कारखान्यातल्या काट्यावर एक रिकामा ट्रक नोंदीपेक्षा सव्वाशे किलो जास्त भरला, तेव्हा काट्यावरच्या मॅडमने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

मॅडम म्हणजे कुणी मोठी साहेबीण नव्हे. वय सव्वीस, नोकरी काचेच्या एवढ्याशा खोलीत. समोर आकडे दाखवणारं यंत्र, बाजूला टेबलफॅन, खणात बिस्किटांचा पुडा. तो पुडा हेच तिचं दुपारचं जेवण. एका किलोचीही सवलत देत नाही म्हणून ड्रायव्हर लोक माघारी तिला 'कडक मॅडम' म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

"खाली उतरा," ती म्हणाली. "काय लपवलंय गाडीत?"

"लपवलेलं काही नाही," ड्रायव्हर उतरत म्हणाला. "संसार आहे."

"कुठाय?"

त्याने ट्रकच्या कुशीला बसवलेली एक लांबलचक पत्र्याची पेटी उघडली. पेटीचं दार खाली पडलं आणि त्याचाच ओटा झाला. आत शेगडी, लोखंडी तवा, एकात एक बसणारी पातेली, नळ बसवलेला पाण्याचा कॅन, लसणाची माळ, आणि ओळीने डबे... एकही डबा हलणार नाही अशा बेताने पट्ट्याने आवळलेले. मॅडमने वाकून बघितलं. तिच्या घरच्या स्वयंपाकघरातही एवढी शिस्त नव्हती.

"हे काय आहे?"

"स्वयंपाकघर."

"ट्रकमध्ये?"

"मी ट्रकमध्ये राहणार, आणि स्वयंपाकघर काय दुसऱ्या गावाला ठेवू?"

तिला हसू आलं. पण कडक मॅडमने असं पहिल्याच भेटीत हसायचं म्हणजे पुढे काट्यावर राज्य कोण करणार? तिने गंभीर चेहऱ्याने नवं वजन नोंदवलं. "यापुढे वाढवायचं नाही," ती म्हणाली.

"मीठ भरलं तर?"

"मीठ चालेल."

गोष्ट एवढ्यावर संपायला काही हरकत नव्हती. पण जाताना त्याने खिडकीत एक झाकणाचा डबा ठेवला, गरम, वर चमचा.

"आम्हाला कुणाकडून काही घेता येत नाही," ती म्हणाली. "लाच होते."

"लाच कुणी चमचा घालून देतं का, मॅडम? मी दोन गाड्या मागे उभा होतो तेव्हा तुम्ही बिस्किट पाण्यात बुडवून खात होतात. पाण्यात... चहा तरी घ्यायचा. मला बघवलं नाही."

आणि तो गेला. ट्रक वळला, धुरळा खाली बसला, तिने झाकण उघडलं. आख्खे छोटे बटाटे, लसूण आणि मिरपुडीत लडबडलेले, वर पुदिन्याची ताजी पानं. नियम आठवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिने नियम पाळला. मग डबा चाटूनपुसून संपवला आणि उरलेली दुपार स्वतःवरच चिडून बसली.

तो आठवड्यातून एकदा यायचा. बाकीचे ड्रायव्हर त्याला 'आचारी' म्हणत. लांबच्या गावांहून रद्दी आणायची, कारखान्यात उतरवायची, कागदाची रिळं भरून परत निघायचं, असा त्याचा फेरा. काट्याचा एक नियम होता: वजन होत असताना ड्रायव्हरने गाडीत बसायचं नाही. उतरून खिडकीशी उभं राहायचं, आकडा स्थिर होईपर्यंत. इतरांचा आकडा चुटकीसरशी स्थिर व्हायचा. आचाऱ्याचा काही होईना.

"आज वारा आहे वाटतं," तो समोरच्या झाडाकडे बघून म्हणायचा. झाडाचं पान हलत नसायचं.

"आहे थोडा," ती यंत्राकडे बघत म्हणायची.

"काय खाल्लंत आज?"

"बिस्किटं."

"आणि काल?"

"काल... रविवार होता. घरी होते, आईपाशी."

"म्हणजे आईने वाढलं तरच जेवायचं, असा नेम आहे?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही. बटाट्यांना वाईट वाटतं."

मागचा ट्रक हॉर्न वाजवायचा. मग आकडा एकदम स्थिर व्हायचा. रांगेतल्या लोकांना हे सगळं कळत होतं, पण कुणी चकार शब्द काढत नव्हतं, कारण आचाऱ्याच्या पातेल्यात सगळ्यांचंच पोट अडकलेलं होतं. कुणी कांदे आणायचं, कुणी टोमॅटो, कुणी वाटेत मिळालेली कोंबडी. गाडी खाली होईपर्यंत सगळे त्याच्या पत्र्याच्या ओट्याभोवती जेवायचे. रीत एकच होती: जो जेवला त्याने भांडी घासायची, आणि तव्याला साबण लावायचा नाही. एकदा एका नव्या ड्रायव्हरने लावला. तो गृहस्थ अजून तोंड लपवून हिंडतो.

"हे सगळं शिकलात कुठे?" तिने एकदा विचारलं.

"पोटाकडून," तो म्हणाला. "पहिली काही वर्षं मीसुद्धा तळलेलं, शिळं, दिसेल ते गिळायचो. एकदा भरदुपारी गाडी चालवताना डोळा लागला. उघडला तेव्हा ट्रक कुणाच्या तरी कोबीच्या शेतात. शेतकरी शिव्या देतोय, आणि मी बघतोय... काय सुंदर कोबी. तोच विकत घेतला, तिथेच चिरला. तेव्हापासून."

"थापा."

"कोबीची शपथ."

या वेळी मात्र ती हसली. कडकपणाचं व्हायचं ते झालं.

खरी गंमत पुढेच होती. त्याचा रस्सा शेगडीवर शिजतच नसे. इंजिनापाशी, तापलेल्या नळीला लागून, त्याने घट्ट झाकणाचा एक डबा ठोकून बसवला होता. सकाळी त्यात सगळं चिरून भरायचं, झाकण आवळायचं आणि गाडी सुरू करायची. पोचेपर्यंत जेवण तयार. तिने कृती विचारली तेव्हा तो म्हणाला, "सोपं आहे. पेट्रोल पंपापाशी कांदा-टोमॅटो. फाट्यावर कोंबडी आणि गाजर. पूल ओलांडला की उघडायचं, मीठ बघायचं, लिंबू पिळायचं. झालं."

"माझ्या घरात पूल नाही," ती म्हणाली.

"मग अवघड आहे," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, यंत्राकडे बघत, "पूल... दाखवता येईल. कधी यायचं असलं तर."

त्या दिवशी मागच्या ट्रकने तीनदा हॉर्न वाजवला.

ती घरी जाऊन अंथरुणावर पडली आणि तिच्या लक्षात आलं की आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय. तिला आनंद वगैरे झाला नाही. कारण तिचे बाबा ड्रायव्हर होते.

होते. महिन्यातले चार दिवस घरी, बाकी रस्त्यावर. अवेळी खाणं, खाणं कसलं, काहीबाही पोटात ढकलणं. पोटाचं दुखणं अंगावर काढणं. आणि शेवटी त्याच दुखण्याने ते गेले, तेव्हा ही शाळेत होती. आईने शिवणयंत्रावर दिवस काढले. आजही ती शाळेचे गणवेश शिवायची. आईने लेकीला कशाची म्हणून सक्ती केली नाही. एकच गोष्ट सांगून ठेवली होती: "कुणालाही आण. काळा आण, गोरा आण, बेकार असला तरी पोसू. फक्त ड्रायव्हर आणू नकोस. एक वाट बघून झाली माझी."

लेकीने आठवडाभर धीर गोळा केला आणि एका संध्याकाळी सांगून टाकलं. शिवणयंत्र थांबलं. आईने दोरा दाताने तोडला.

"जेवायला बोलव," ती म्हणाली. "बघू तरी काय आणलंयस."

आचाऱ्याला वाटलं, जिंकलो. हीच त्याची चूक. त्याने निरोप धाडला की काकूंनी चुलीपाशी जायचंसुद्धा नाही, स्वयंपाक मी करणार.

तो आला, धुतलेला शर्ट, तेल लावलेले केस, पिशवीत कोंबडी, गाजरं, आणि ट्रकमधल्या कुंडीतला स्वतःचा पुदिना. कांदा असा चिरला की आईने एकदा मान वर करून बघितलं. सगळं पातेल्यात भरलं, गॅस लावला, झाकण घट्ट बसवलं आणि बाहेर येऊन गुडघ्यांवर हात ठेवून बसला.

"किती वेळ लागेल?" आईने विचारलं.

"साधारण... फाट्यापासून पुलापर्यंत."

"मिनिटांत सांगा."

तो विचारात पडला. आयुष्यात त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "अर्धा... नाही, पाऊण..." तो म्हणाला आणि विषय बदलून दोऱ्यांचे भाव विचारू लागला. दोऱ्यांवरून कापडावर, कापडावरून बटणांवर. बटणांपर्यंत पोचले तेव्हा वास आला.

लेक आत धावली. झाकण काढलं. वर कच्चं गाजर, खाली कोळसा.

"अहो, मध्ये एकदा तरी ढवळायचं ना," आई दारातून म्हणाली.

"ढवळायचं?" तो म्हणाला. "कशाला?"

हे त्याने इतक्या खऱ्या चेहऱ्याने विचारलं की दोघी त्याच्याकडे बघतच राहिल्या. बिचाऱ्याची काय चूक? इतकी वर्षं त्याचा रस्सा रस्ताच ढवळत होता. एकेक खड्डा म्हणजे एकेक पळी. घरातलं पातेलं जागच्या जागी उभं असतं, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

शेवटी अंडी तळली आणि पावाबरोबर खाल्ली. तो गेल्यावर आई पातेलं घासायला बसली आणि घासता घासता म्हणाली, "माणूस वाईट नाही. पण उभ्या पातेल्याला काय लागतं हे ज्याला ठाऊक नाही, त्याला घराला काय लागतं ते काय कळणार? माझं उत्तर तेच आहे."

पुढच्या आठवड्यात तो काट्यावर आला तो वेगळंच घेऊन.

"ट्रक विकतोय," तो खिडकीशी उभा राहून म्हणाला. "गिऱ्हाईक मिळालंय, सोमवारी येईल. कारखान्यातच गोदामावर जागा आहे, मोजणीला. नऊ ते सहा. आजपासूनच ये म्हणतात. मग मी ड्रायव्हर नाही. मग काकूंची... हरकत..."

तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला? वाट बघायला नको, रात्री फोनकडे डोळे लावायला नकोत, रोज सहाला माणूस समोर. ती "चांगलं आहे" म्हणाली आणि त्या दिवशी आकडा लगेच स्थिर होऊ दिला.

पण आठवडा सरता सरता तिला एकेक गोष्ट दिसू लागली. गोदाम काट्याच्या समोरच होतं. तो स्टुलावर बसून रिळं मोजायचा. ट्रक कोपऱ्यात उभा, पत्र्याची पेटी बंद. रांगेतल्या ड्रायव्हरांनी दोन दिवस कांदे आणले, तिसऱ्या दिवशी आणले नाहीत. शुक्रवारी दुपारी तो काट्याच्या खिडकीशी आला आणि विचारलं, "बिस्किटं आहेत का?"

तिने पुडा दिला. त्याने एक बिस्किट काढलं, पाण्यात बुडवलं आणि खाल्लं.

"काय झालंय तुम्हाला?" ती म्हणाली.

"काही नाही. भूक लागत नाही बसून."

"शेगडी आहे, तवा आहे. समोर ट्रक आहे."

"सुचत नाही," तो म्हणाला. "सकाळी उठलो की... कुठल्या पंपावर काय मिळेल, कुठल्या बाजारात आज मासे येतील, कुणाच्या शेतात काय निघालंय, हे डोक्यात चालू व्हायचं. आता उठलो की गोदाम. जाऊ द्या. होईल सवय."

"नाही होणार," ती म्हणाली. "आणि झाली तर मला नको. वाट बघणं मला जमणार नाही असं वाटायचं. पण तुम्हाला रोज असं बसलेलं बघणं त्याहून जमत नाहीये."

"मग काकूंचं काय?"

"आईला तुम्ही तिच्या घरात रांधून दाखवलंत. आता तिला तुमच्या घरात बोलवा."

घरी आई ऐकेना. "मी आणि ट्रकमध्ये? वेड लागलंय का?" असं दोनदा म्हणून झालं. मग यंत्रावर कापड सरकवत, वर न बघता ती म्हणाली, "इतकी वर्षं संसार केला, पण त्यांनी एकदा म्हणून गाडीत बसवलं नाही. कामाची जागा आहे, बायकांचं काय काम, म्हणायचे. मीही कधी हट्ट धरला नाही." थोड्या वेळाने तिने विचारलं, "चढायला उंच असतं का गं?"

रविवारी सकाळी आचाऱ्याने दाराशी स्टूल ठेवलं. आईने आधी त्याचा हात नाकारला, मग धरला. वर बसल्यावर ती काचेतून समोर बघू लागली. मधल्या जागेत पुदिन्याची कुंडी होती, तिला पट्टा बांधलेला.

"एवढं लांबपर्यंत दिसतं होय," ती म्हणाली.

पंपापाशी कांदा-टोमॅटो भरला. फाट्यावर कोंबडी आणि गाजर. झाकण आवळताना आईने जवळ उभं राहून बघितलं आणि पिशवीतून स्वतःची पळी काढून हातात घेऊन बसली. भरवसा नव्हताच. ट्रक निघाला. रस्ता म्हणजे काय वर्णावा. खड्ड्यात रस्ता होता की रस्त्यात खड्डे, हे सांगणं कठीण. प्रत्येक धक्क्याला आई लेकीचा हात धरायची आणि आचारी समाधानाने मान हलवायचा.

पूल ओलांडल्यावर झाडाखाली गाडी थांबली. त्याने डबा काढला, लिंबू पिळलं, पुदिना चुरडून टाकला, तव्यावर पाव शेकले. वाफेचा वास असा आला की आई पुढे सरकली. तिने पळी सरळ तळाला घातली आणि खरवडून बघितली. तळ स्वच्छ होता. कोंबडी हाडापासून सुटत होती, गाजर मऊ, पण मोडलेलं नाही.

आई जेवली. पुन्हा वाढून घेतलं. पाव रश्श्यात बुडवून सावकाश खाल्ला, आणि मग ताट मांडीवर तसंच ठेवून नदीकडे बघत राहिली.

"मी घरात सगळं साग्रसंगीत रांधत होते," ती म्हणाली, "आणि ते अशाच कुठल्यातरी झाडाखाली शिळं खात होते. मी म्हणायचे, रस्त्याने नवरा नेला माझा. किती वर्षं रस्त्याला शिव्या दिल्या." तिने डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. "कुणीतरी त्यांना हे दाखवायला हवं होतं. मला ठाऊक असतं तर मीच डबा ठोकून दिला असता."

आचाऱ्याने हळूच तिच्या ताटात आणखी एक पळी वाढली. ती नको म्हणाली नाही.

"गाडी विकू नका," ताट खाली ठेवत ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला सांगा, मालकाचं मन बदललं."

मग जेवलेल्यांनी भांडी घासली. लेकीने तवा नुसत्या पाण्याने धुतला.

परतीच्या वाटेवर आई सीटच्या मागच्या फळीवर आडवी झाली. जेवण अंगावर आलं, म्हणाली, आणि डोळे मिटले. पुढे दोघंच. ऊन उतरलं होतं. इंजिन एकसुरात चाललं होतं. त्याने दोन-तीनदा घसा खाकरला.

"मी असं म्हणत होतो..." तो म्हणाला. "म्हणजे... आठवड्याचे दोन दिवस मी इकडेच असतो. फेरा बदलून घेतला तर तीनसुद्धा... आणि सुट्टी असेल तेव्हा... जागा आहे गाडीत, तशी... पण काट्याची नोकरी सोडा असं माझं म्हणणं नाही... म्हणजे..."

"सरळ विचार की," ती म्हणाली. त्याला ती पहिल्यांदाच अरे-तुरे करत होती. ते दोघांच्याही लक्षात आलं.

"लग्न करशील माझ्याशी?"

"करीन. मला तू आवडतोस. खूप आवडतोस, आणि तू गेलास की मला करमत नाही. वाट बघावी लागेल, बघीन. येता येईल तेव्हा बरोबर येईन. पण धडधाकट परत यायचं, आणि मधल्या दिवसांत काय खाल्लंस ते रोज सांगायचं."

तो वळून तिच्याकडे बघतच राहिला. ट्रक हळूहळू रस्त्याच्या कडेला सरकू लागला.

"हो म्हणाली ती," मागच्या फळीवरून आईचा आवाज आला. "ऐकलंय मी. आता समोर बघ, बाळा."

त्याने समोर बघितलं.